आपलंच पाणी, फेसासकट

पुण्यातल्या माणसाला शेजारी नको असतो, शेजारचा बार हवा असतो. शेजाऱ्याने बेल वाजवली तर हा दाराच्या भिंगातून बघतो आणि श्वास रोखून उभा राहतो. तोच माणूस शनिवारी संध्याकाळी उंच स्टुलावर चढतो, अनोळखी कोपराला कोपर लावून बसतो आणि म्हणतो, "इथं कसं, अगदी आपलं वाटतं." आपलं वाटण्याचा दर ग्लासामागे चारशेच्या आसपास आहे. बर्गरचे निराळे.

माझा भाचा या पंथाचा. नोकरी हिंजवडीत, राहणं बाणेरला, सासुरवाडी संगमनेरची आणि आजोळ घोडेगावचं. आजोळी आला की विहिरीत डोकावतो, म्हशींचे फोटो काढतो, पिठलं-भाकरीला 'ऑसम' म्हणतो आणि हात धुता धुता विचारतो, "मामा, तुमच्याकडे सगळं आहे, पण संध्याकाळी चिल करायला काय?"

आता घोडेगाव म्हणजे काही आडरान नव्हे. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, एसटीत मात्र अजून 'एक नगर' म्हटलं तरच तिकीट लवकर फाटतं.) शनिशिंगणापूरला वळायचं ते इथूनच. शुक्रवारी म्हशींचा बाजार, कांद्याचे लिलाव, उसाच्या ट्रॉल्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या: 'फॅमिली गार्डन', 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी', 'परमिट रूम'. चिल करायला आणखी काय लागतं? फ्रिज चांगला असला की झालं.

पण भाच्याला फ्रिज नको होता, नळ हवा होता. बाटलीतली बिअर म्हणे कारखान्याची. खरी बिअर नळातून येते. हे आमच्या गड्याने ऐकलं. त्याने गंभीरपणे विचारलं, "रोज येते का दिवसाआड?"

क्राफ्ट बिअर हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढे शिव्या नीट देता येतील. लहान भट्टी, थोडा माल, जागेवर तयार, जागेवर खपवायचा. पुण्यात २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबात 'दुलाली' सुरू झाली, तिथे एका जर्मन उस्तादाने बिअर गाळायला सुरुवात केली आणि पुणेकरांना कळलं की बिअर गढूळही असू शकते आणि गढूळपणाचे जास्त पैसे मागता येतात. मग मुंढवा, बाणेर, कोरेगाव पार्क असं करत तिचं लोण पसरलं. बिअर वाईट असते असं माझं म्हणणं नाही. भाच्याच्या खर्चाने मी ती प्यायलो आहे. चांगली असते. संत्र्याची साल, धणे घातलेली गव्हाची बिअर तर थेट आपल्या फोडणीच्या डब्यातून काढल्यासारखी लागते.

माझी हरकत तिच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या 'लोकल' या शब्दाला आहे.

बिअरला चार गोष्टी लागतात: मोड आणून भाजलेली बार्ली, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट आणि पाणी. बार्ली राजस्थान-हरियाणाची, नाहीतर थेट बेल्जियमची. फुलं जर्मनीची किंवा अमेरिकेची. यीस्ट पाकिटातून. राहिलं पाणी. म्हणजे लोकल काय, तर खडकवासला! तेवढं तर पुण्यात नळाला फुकट येतं. काही ठिकाणी सोसायटीच्या टँकरने येतं, पण तो टँकरवालाही बिचारा लोकलच असतो.

आणि त्या नळांपैकी एकावर 'इंडिया पेल एल' असं लिहिलेलं असतं. हिच्या नावात इंडिया आहे, कारण ती लंडनमधून बोटीने हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी निघायची आणि वाटेत नासू नये म्हणून तिच्यात फुलं जास्त घालायचे. नगरचा किल्ला वेलस्लीने १८०३ मध्ये घेतला. त्यानंतर छावणीतल्या साहेबांच्या घशाखाली अशी किती पिंपं उतरली असतील देव जाणे. दोनशे वर्षांनी तीच बिअर पुण्यातला पोरगा आपल्या मातीतली म्हणून पितो. इंग्रज गेले, कडवटपणा ठेवून गेले.

बर्गरचं तसं नाही. बर्गर खरोखरच आपल्या मातीतला आहे आणि तेच कुणाला माहीत नाही.

पावात काहीतरी दाबून खाण्याची कला महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नव्हती. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी पावात वडा घातला असं मानतात. अमेरिकेचं मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ मध्ये, तीस वर्षं उशिरा, आणि आल्यावर त्याने काय केलं? बटाट्याची टिक्की पावात घातली. म्हणजे अमेरिका आली आणि आपला वडा चपटा करून गेली. वडा चपटा केला की त्याची टिक्की होते आणि दर दुप्पट होतो, एवढंच त्यातलं तंत्रज्ञान.

घोडेगावात फाट्यावरच्या गाडीवर 'चायनीज, मोमोज, बर्गर' अशी पाटी आता लागलेली असते. पोरगा गोल पाव मधोमध कापतो, तव्यावर बटर टाकून दोन्ही फाकी दाबून धरतो. टिक्की कढईतून निघते, तिच्यावर कोबी, वर कांद्याची जाड चकती, मग पिवळी नळी पिळून मेयोनीज, आणि शेवटी हात आवरत नाही म्हणून वडापावची लाल चटणी भुरभुरवतो. दात कोरायची काडी खुपसली की बर्गर तयार. ती चटणी पडल्यावर मेयोनीजची जी फजिती होते ती बघण्यासारखी असते. कढईतल्या तेलाबद्दल मी बोलणार नाही. शिंगणापुरात शनिदेवालासुद्धा २०२५ पासून ब्रँडेड रिफाइंड तेलच लागतं. आपण भक्तांनी कशाला तोंड उघडा!

पुण्यातला बर्गर बाराशे उपचारांनी येतो. पाव फ्रेंच नावाचा, पाटी लाकडाची, फ्राईज पत्र्याच्या चिमुकल्या बादलीत. (बादलीत वाढलेलं आमच्याकडे पंगतीत चालतं, पण तिथे आमटी असते आणि ती वाढपी आग्रहाने वाढतो.) आणि वर 'कॅरमलाइज्ड अनियन', त्याचे जादा पैसे.

इथे मात्र माझा नगरी पारा चढतो. कांदा! घोडेगावच्या माणसाला कांद्याचे जादा पैसे मागायचे!

हा कांदा कुठून निघतो ते सांगतो. घोडेगावच्या उपबाजारात गोण्यांच्या थप्प्या लागतात, व्यापारी गोणीचं तोंड उघडून मूठभर कांदा हातावर घेतो, टरफल चोळतो, पुढे सरकतो. पाच-सहा महिन्यांची मेहनत त्या चोळण्यावर. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली ती पुन्हा ४० टक्के लावून, आणि शेवटचं शुल्क गेलं एप्रिल २०२५ मध्ये. मधल्या काळात चाळीत ठेवलेल्या कांद्याला मोड आले. शहरातल्या माणसाला कांदा महागला की बातमी होते. स्वस्त झाला की तो मंद आचेवर तासभर परतून, तपकिरी करून, बर्गरवर चमचाभर घालून साठ-सत्तर रुपयांना विकतात. शेतकऱ्याला त्या पैशात दहा-पंधरा किलो द्यावा लागलेला हंगाम मी पाहिलाय. परमिट रूममध्ये कांदा फुकट. चिरून, लिंबाच्या फोडीसकट, स्टीलच्या ताटलीत. संपला तर, "आण रे कांदा!" या आरोळीला अजून बिलात रकाना नाही.

म्हशीचंही तेच. शुक्रवारच्या बाजारात म्हशी बघायला लांबलांबून लोक येतात. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी, कुणाचं शिंग कसं, कास कशी, सड चारी सारखे आहेत का, दुसऱ्या वेताची की तिसऱ्या. सौदा तोंडाने होत नाही. दलाल उपरण्याखाली हात घेतो, आत बोटं दाबली जातात, चेहरे कोरे, आणि मध्येच एक जण हात झटकून चालू लागतो. तो दहा पावलांवर परत येणार हे म्हशीलाही माहीत असतं. गोवंशाला २०१५ च्या कायद्याने संरक्षण दिलं, म्हशीला दिलं नाही. म्हणून शहरातल्या बर्गरमध्ये जे 'बफ' असतं ते तिच्याच गोतावळ्यातलं. भाचा बाजारात म्हशीच्या पाठीवर हात फिरवून फोटो काढत होता तेव्हा मी हा विषय काढला नाही. पोरगं हळवं आहे.

तर कांदा आमचा, म्हैस आमची. आता पाण्याचं ऐका.

घोडेगावच्या बारात मिळते ती बिअर येते बहुतेक वाळूजकडून. आमच्याच रस्त्यावर, संभाजीनगरच्या अलीकडे, तास-सव्वा तासावर. त्या पट्ट्यात देशातल्या मोठमोठ्या बिअर कंपन्यांचे कारखाने आहेत. एक लिटर बिअर करायला चार-पाच लिटर पाणी जातं. ते पाणी जायकवाडीचं. जायकवाडीत पाणी येतं गोदावरीचं, म्हणजे नाशिकचं आणि आमचं. मुळा धरण राहुरी तालुक्यात, साठवण २६ टीएमसी. घोडेगावच्या शिवारातला ऊस त्याच्याच उजव्या कालव्याकडे डोळे लावून बसलेला. मुळा मिळते प्रवरेला, प्रवरा गोदावरीला, आणि तो संगम आमच्याच नेवासे तालुक्यात, प्रवरासंगमला.

पाऊस कमी झाला की या नद्यांचं भांडण लागतं. मेंढेगिरी समितीने पाणीवाटपाचं सूत्र घालून दिलं होतं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाणी नसलं, तर वरच्या धरणांनी खाली सोडायचं. २०२३ मध्ये असाच आदेश निघाला. एकूण ८.६०३ टीएमसी, त्यातलं मुळेचं २.१०. तीन दशांश स्थळांपर्यंत हिशेब! पाणी सोडलं की नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, पोलीस काठाने फिरतात. कांदा डोळ्यांदेखत माना टाकतो आणि पाणी शेजारून खळखळत निघून जातं. मराठवाड्याला प्यायला पाणी हवं, यात वाद नाही. तहानलेल्याला नाही म्हणणारा माणूस नेवाशाचा नसावा. जायकवाडीच्या पाण्यात बिअरचा वाटा तसा चिमूटभर. पण फेस येतो तो त्या चिमटीलाच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडलं. त्या आदेशानंतर बिअरमध्ये पाणी असतं हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

आणि मग बाटल्यांचा ट्रक निघतो. प्रवरासंगमच्या पुलावर येतो, म्हणजे जायकवाडीच्या फुगवट्यावरूनच जातो, नेवासे फाटा, वडाळा करत घोडेगावात येऊन उभा राहतो. खाली गेलेलं आमचं पाणी डांबरी रस्त्याने वर आलं! साडेसहाशे मिलिलिटर, अडीचशेच्या घरात. याहून लोकल बिअर पुण्यात कुणी पाजून दाखवावी.

हे सगळं भाच्याला समजावलं आणि त्याला घेऊन गेलो. दाराला काच काळी, आत ट्यूबलाइट निळी, कोपऱ्यात हार घातलेला देव आणि त्याच्याच खाली गल्ला. ओळखीचा वेटर आला.

"काय घेता, मामा?"

भाचा म्हणाला, "क्राफ्ट बिअर आहे?"

"कोणती कंपनी?"

"कंपनी नसते तिला. छोट्या भट्टीवर करतात."

वेटरने माझ्याकडे बघितलं. आवाज खाली आणला. "भट्टीची नाय ठेवत आपण, दादा. एक्साइजवाले लायसन काढून घेत्यात."

बरोबरच होतं त्याचं. घोडेगावात कुणी पिंपात काही आंबवून विकलं तर ती हातभट्टी आणि छापा. बाणेरला तेच काचेआड, तांब्याच्या भांड्यात, दिवे लावून केलं तर तो उद्योग. दोन्हीकडे माणूस पिंपाशेजारी उभा राहून वास घेतो. एकाच्या कमरेला जीन्सचा एप्रन असतो, एवढाच फरक. (विषारी ताडीचे आणि हातभट्टीचे बळी मला माहीत आहेत, तपासणी हवीच. पण परवाना मागायला गेलेल्या खेडवळ माणसाला मिळणारी नजर तपासणीची नसते.)

तसंही या राज्यात पिणारा माणूस कायद्याने रुग्ण आहे. आपल्याकडे आहे तो १९४९ चा दारूबंदी कायदा. आधी मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्राच्या. त्यात पिण्याचा परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी. म्हणून तर 'परमिट रूम'! ही खोली दवाखान्याची चुलत बहीण आहे. सौम्य बिअर २१ व्या वर्षी, कडक दारू २५ व्या वर्षी. आमदार निवडून द्यायला १८ पुरतात, कारण त्याने प्रकृतीला काही होत नाही अशी समजूत आहे.

या रुग्णांवर सरकारचं लक्षही फार. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरचा खप घटला, महसूल घटला म्हणून सरकारने चक्क अभ्यासगट नेमला. जगात खप घटल्याने दारूबंदी कायद्याखालचं सरकार चिंतेत पडल्याचं दुसरं उदाहरण असेल तर कळवा. आणि त्याच सुमारास बारमध्ये बसून पिणाऱ्याचा व्हॅट १ नोव्हेंबरपासून पाचाचा दहा टक्के केला. उजव्या हाताने नाडी बघायची, डाव्या हाताने खिसा. जून २०२५ मध्ये विदेशी मद्याचं शुल्क वाढवलं, जुलैत बारमालकांनी एक दिवस शटर ओढलं. त्या दिवशी राज्यातल्या रुग्णांनी औषध घरी घेतलं.

त्याआधी महामार्गाचं महाभारत झालंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांच्या आतल्या वस्तीला २२० मीटर केले. मग सुरू झाल्या फिती. केरळात एका बारवाल्याने दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधून अंतर वाढवलं. आमच्याकडे एवढी कल्पकता कुठली. आमच्याकडे रस्त्याचं नाव बदलायच्या खटपटी झाल्या. पुढे न्यायालयाने शहरांना आणि मग गावांनाही सवलतीचा रस्ता दाखवला. हेतू चांगला होता, रस्त्यावर माणसं मरतात. आजही बारपुढे उभ्या दुचाक्या मोजल्या की तो हेतू आठवतो.

आता भाच्याच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हा सगळा नगरी आखडूपणा ठरेल.

त्याच्या त्या महागड्या बारात लोक जेवतात. बिअर बर्गरबरोबर पितात. अर्धा घास, एक घोट, मध्ये गप्पा. बिअर साधारण पाच टक्क्यांची, ग्लास तासभर पुरतो. कुणी अर्धा टाकून उठतं आणि त्याला कुणी हसत नाही. आमच्याकडे पिणं आणि जेवणं ही दोन वेगळी खाती आहेत, एकाचा दुसऱ्याशी पत्रव्यवहार नाही. आधी प्यायचं, शेंगदाणे आणि काकडी चघळत, पोट रिकामं ठेवून, म्हणजे लवकर चढते आणि पैसे वसूल होतात. म्हणूनच स्ट्राँग. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमधली बहुतेक स्ट्राँगच आहे. चवीसाठी कुणी मागत नाही, हिशेबासाठी मागतात. मग 'जेवण घरी आहे' म्हणत उठायचं. घरी भाकऱ्या झाकून बसलेली बाई त्या वाक्यात धरलेली नसते.

आणि तिथे टेबलाशी बायका असतात. मैत्रिणी, बायको, कधी सासूसुद्धा. परमिट रूममध्ये बायकांना कायद्याने कधी मज्जाव नव्हता. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर होता, तो ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याला, सुटला. शनिदेवाने वाट मोकळी केली, परमिट रूमची काळी काच मात्र आहे तशीच आहे. बाई बारमध्ये येते ती एकदाच, मतपेटीतून. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी मागणी केली की मतदान लागतं. उभी बाटली की आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. ज्या खोलीत तुम्ही तिला खुर्ची दिली नाही, त्या खोलीला कुलूप लावायचं मत ती देणारच. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीने दारू घालवली, तेव्हाही गावातल्या बायकांना काय हवंय हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

त्यामुळे आडव्या बाटलीविरुद्ध बारमालकांनी कोर्टकचेऱ्या करण्यापेक्षा आधी दिवे लावावेत. काळी काच काढावी. ताटलीभर खिमा-पाव बिअरच्या आधी टेबलावर ठेवावा. खिमा-पाव हा बर्गरच आहे, फक्त त्याला उभं राहता येत नाही. सौम्य बिअर मागणाऱ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघू नये. आणि सरकार पुन्हा अभ्यासगट नेमणारच असेल तर त्याने एकदा नेवासे तालुक्यात मुक्काम करावा. इथे बाजरी पिकते, ऊस पिकतो, पाणी तर आमचं खाली जाऊन परत येतंच. २००७ मध्ये राज्य सरकारने ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांना अनुदान देऊ केलं होतं. मोठ्यांना जे अनुदानाने जमतं ते एखाद्या शेतकरी गटाला साध्या परवान्याने, तपासणीसकट, का जमू नये? बाजरीची, पाच टक्क्यांच्या आतली, ग्लासात ओतलेली बिअर. वाटल्यास नळाला दिवसाआड सोडा.

भाच्याने शेवटी वेटरला विचारून एक सौम्य बिअर मिळवली. फ्रिजच्या तळातून निघाली. बर्गर फाट्यावरच्या गाडीवरून आणवला. एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "मामा, चटणी जबरी आहे." पुण्यात त्या चटणीचे वेगळे लावले असते, एवढंच मी म्हटलं.

कुणाला यायचं असेल तर या. शुक्रवार टाळा, म्हशींच्या बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. परवाना जवळ ठेवा. गाडी चालवणाऱ्याला सोडा पाजा. बायकोला घेऊन आलात तर काळ्या काचेच्या खोलीत बसू नका, बाहेर बागेत टेबल टाकायला सांगा. चार जणींनी सांगितलं की पाचवीला न सांगता टाकतील. कांदा मागा. भाव पडलेले असले तर दोन ताटल्या येतील.